घरांचे नैसर्गिक तापन व शीतन (बेळगाव सीमाभाग)

यंत्राविना, केवळ भिंतींची जाडी, छपराची घडण, खिडक्यांच्या दिशा आणि सावली यांच्या बळावर घर उन्हाळ्यात गार व थंडीत उबदार राखण्याची बांधकामपद्धती. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने इथे ऊब लागते ती थंडीतल्या पहाटेपुरती. घराची खरी कसोटी मार्च ते मे या महिन्यांत.

एकाच जिल्ह्यात हवामाने मात्र दोन. खानापूरकडे सह्याद्रीचा धो-धो पाऊस, म्हणून जांभ्याच्या भिंती आणि उतरती कौले. कौलांच्या फटींतून तापलेली हवा वरच्या वर निघून जाते. अथणीकडे कोरडा माळ, तिथे जाड भिंतींवर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर. तुळयांवरच्या पांढऱ्या मातीत दुपारचे ऊन मुरते आणि ते खाली उतरेपर्यंत रात्र होऊन बाहेरची हवा निवलेली असते. दिवस-रात्रीच्या तापमानात फरक मोठा, तिथेच ही जाडी फळते.

बेळगावात डिसेंबरअखेर माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला सुमारे ५१ अंशांवर असतो. मेच्या पहिल्या आठवड्यात तो थेट डोक्यावर येतो. दक्षिणेच्या भिंतीला २ फुटी छज्जा असेल तर डिसेंबरात त्याची सावली अडीच फुटांवर संपते आणि खालून ऊन घरात शिरते. मेच्या माध्यान्ही त्या भिंतीला ऊन लागतच नाही. दक्षिणेला तोंड असलेल्या सोप्यात (ओसरीत) हे उघड दिसते: उन्हाचा पट्टा सरकतो तसे तांदूळ निवडणारी आजी सुपासकट सरकते. पश्चिमेला छज्जाचा उपयोग नाही, कारण तिथे ऊन आडवे येते. त्या बाजूला आंबा-फणस किंवा जळणाची खोलीच हवी.

स्लॅबच्या घरांनी हा हिशेब मोडला. चार-पाच इंची उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि नेमका झोपायच्या वेळी ती धग खाली सोडतो. रात्री नऊलाही छताला तळहात टेकवला तर चटका जाणवतो. दोष स्लॅबचा नाही, तो उघडा ठेवण्याचा आहे. वर चुन्याचा पांढरा हात द्यावा, जमल्यास हवा खेळेल एवढी मोकळीक ठेवून कौलारू छप्पर घालावे. उन्हाळ्यात खिडक्या रात्रभर उघड्या ठेवून ऊन चढण्याआधी लावून घेतल्या, तर भिंतींतला गारवा दुपारपर्यंत टिकतो. पाणी शिंपडून मिळणारा गारवा एप्रिलच्या कोरड्या हवेतला; जुलैत हवाच ओलीचिंब, तेव्हा झडीच्या आडोशाला खिडकी उघडून वारा खेळता ठेवणे एवढाच इलाज.