सकाळी लंगडणारं मूल

‘वात म्हातारपणी होतो, लेकरांना कुठला वात?’ हे अजूनही घरोघर ऐकू येतं आणि त्यापायी मोलाचे महिने वाया जातात. १६ वर्षांखालच्या मुलाचा सांधा ६ आठवडे किंवा जास्त सुजलेला राहिला आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर त्या आजाराला जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस, म्हणजे जेआयए म्हणतात.

लहान मूल ‘दुखतंय’ म्हणेलच असं नाही. ते सकाळी उठल्यावर कडेवर घ्यायला लावतं, पाय ओढत चालतं आणि दुपारी अंगणात धावतं. घरच्यांना वाटतं, शाळा चुकवायचे बहाणे! पण सकाळचा हा ताठरपणाच मोठी खूण आहे. ‘वाढीचं दुखणं’ संध्याकाळी किंवा रात्री येतं, बहुधा दोन्ही पायांत. सकाळी मूल ठणठणीत असतं आणि सूज नसते.

जेआयएमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा सांध्याच्या अस्तरावरच उलटते. अस्तर जाड होतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात, सांध्यात पाणी साठतं. मुलांमध्ये याचा परिणाम हाडांच्या वाढीवरही होतो. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के लांबी गुडघ्याजवळच्या वाढपट्टीतून, म्हणजे हाड जिथून वाढतं त्या कूर्चेच्या पट्टीतून येते. शेजारी दाह पेटला की तिथला रक्तपुरवठा वाढतो, पट्टीतल्या कूर्चापेशी जोमाने वाढतात आणि आजारी पाय चक्क लांब होतो! मग मूल तो गुडघ्यात वाकवून चालतं, मागचे स्नायू आखडतात, गुडघा सरळ होईनासा होतो. मूल मोठं असेल तर तोच दाह वाढपट्टी वेळेआधी मिटवतो आणि पाय आखूड राहतो. जबड्याच्या सांध्यात वाढीची जागा पृष्ठभागालगतच असते. तिथे वाढ खुंटते, हनुवटी मागे राहते. उपचार लवकर हवेत ते यासाठी.

संधिवातासाठीच्या रक्ततपासणीत ‘आरए फॅक्टर निगेटिव्ह’ आला म्हणून निर्धास्त होऊ नका; जेआयएच्या बहुतेक मुलांत तो निगेटिव्हच असतो. दाह दाखवणारी ईएसआर ही रक्ततपासणीही नॉर्मल असू शकते. निदान मुख्यतः सांधे तपासून होतं, म्हणून बालरोगतज्ज्ञांकडून बाल-संधिवाततज्ज्ञांकडे जाण्याची चिठ्ठी मागून घ्या. नजर काढून सूज उतरत नाही. ‘वात मुळापासून घालवणाऱ्या’ पुड्या तर देऊच नका. अशा काही पुड्यांत छुपं स्टेरॉइड सापडलं आहे; त्याने सूज उतरते, पण उंची खुंटते.

आज सांध्यातलं इंजेक्शन, दाह आवरणारं मेथोट्रेक्झेट (आठवड्यातून एकदाच, रोज कधीही नाही) आणि टीएनएफ हे दाह पेटवणारं प्रथिन रोखणारी औषधं यांमुळे बहुतेक मुलं शाळेत जातात, खेळतात.

ताप आणि एकच सांधा गरम, मूल तो हलवूही देत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सांध्यात पू असू शकतो. आणि जेआयएचं निदान झालं की डोळे लगेच दाखवा. डोळ्यातला दाह लाली किंवा वेदना न होताही दृष्टी नेतो. तो स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो आणि जोखीम जास्त असलेल्या मुलांची ही तपासणी दर ३ महिन्यांनी करावी लागते.