चक्करच्या तपासणीला येताय? सकाळची गोळी घ्यायच्या आधी हे वाचा

आमच्या सोलापूरच्या ॲक्युपंक्चर (सुयांचे उपचार) आणि कायरोप्रॅक्टिक (मणके-सांध्यांवर हाताने उपचार) दवाखान्यात चक्करसाठी येणाऱ्या बहुतेकांना फोनवर एकच गोष्ट सांगतो आणि तरी बरेच जण तसेच येतात, म्हणून शेवटी हा कागद छापून घेतला. कूस बदलली, मान वर करून माळ्यावरचा डबा काढला किंवा सकाळी उठून बसलात की घर फिरतं, आणि मिनिटाभरात थांबतं, अशी तुमची चक्कर असेल तर तपासणीच्या दिवशी सकाळी चक्करची गोळी घेऊन येऊ नका.

मागे बार्शीहून एक काकू आल्या होत्या. एसटीत मळमळायला नको म्हणून निघताना गोळी घेतली, त्यांच्या दृष्टीने बरोबरच केलं त्यांनी. पण आमची तपासणी डोळ्यांवर चालते. तुम्हाला बसवतो, मान एका बाजूला ४५ अंश वळवतो आणि पटकन मागे आडवं करतो, डोकं पलंगाच्या कडेखाली थोडं झुकलेलं. दोष त्या कानात असेल तर दोनचार सेकंदांनी डोळ्यांची बुबुळं आपोआप एका ठराविक दिशेने उडायला लागतात, आणि ते कसे उडतात त्यावरून कुठला कान, कानातली कुठली नळी ते कळतं. या टेस्टचं नाव डिक्स-हॉलपाईक, १९५२ पासून जगभर हीच करतात. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन अशा गोळ्या मेंदूकडे जाणारा गरगरण्याचा सिग्नलच दाबतात, त्यामुळे डोळे कमी उडतात किंवा दिसण्याइतके उडतच नाहीत. काकूंचे डोळे दोन्ही बाजूंना शांत. बाजूच कळली नाही तर उपचार कशावर करणार, त्यांना परत पाठवावं लागलं. पुढच्या सोमवारी त्यांच्या डॉक्टरांना विचारून, गोळी न घेता, नातवाबरोबर गाडीतून आल्या तेव्हा उजवा कान लगेच सापडला.

आता हे नीट वाचा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. ज्यांनी लिहून दिली त्यांना फोन करा, तपासणी आहे, आदल्या रात्रीपासून चक्करची गोळी थांबवली तर चालेल का असं विचारा. नको म्हणाले तर घेऊनच या आणि आल्याआल्या आम्हाला सांगा. बीपी, शुगर, हार्ट, फिट यांच्या गोळ्या मात्र नेहमीच्या वेळेला घ्यायच्याच, त्यांना हात लावायचा नाही.

ही चक्कर येते कशाने ते सगळेच विचारतात. आपल्या आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात, तोल कळावा म्हणून. वय, डोक्याला मार, कधी काहीच कारण नसताना त्यातले काही सुटतात आणि बाजूच्या अर्धगोल नळीत शिरतात, मग डोकं हललं की ते नळीत घरंगळतात आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. गड्ड्याच्या यात्रेत मोठ्या पाळण्यातून उतरल्यावर जमीन फिरते ना, तसं, फक्त पाळण्यात न बसता. कण नळीत असतात तोवर गोळी त्रास दाबेल पण कण जागेवर नेणार नाही. त्यासाठी डोकं ठराविक क्रमाने फिरवावं लागतं, प्रत्येक स्थितीत अर्धा ते एक मिनिट थांबून. अमेरिकेतले डॉक्टर जॉन एप्ली यांनी ही पद्धत १९८० च्या सुमारास मांडली, तेव्हा त्यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही, आज कानाचे डॉक्टरही हीच करतात. बहुतेकांचं एक ते तीन बैठकीत काम होतं. व्हिडिओ बघून घरी करणारे पण येतात, बरेचदा चुकीच्या बाजूने केलेलं असतं, म्हणून आधी बाजू ठरवून घ्या आणि मगच घरी करा, आम्ही स्वतः शिकवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

मग तुमचं ॲक्युपंक्चर कशाला, हाही प्रश्न येतो आणि तो विचारायलाच हवा. सुईने कण हलत नाहीत, असं कोणी सांगत असेल तर मानू नका. सुई आम्ही लावतो ती मुख्यतः मळमळीसाठी. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या (मूठ आवळल्यावर दोरीसारख्या दिसतात त्या) मधे नेईगुआन नावाचा बिंदू आहे, मळमळीवर ॲक्युपंक्चरचा सगळ्यात जास्त अभ्यास याच बिंदूवर झालाय. कण जागेवर नेल्यावरही काही दिवस डोकं जड, मान आखडलेली आणि परत येईल की काय ही धास्ती राहते, तिथेही सुयांनी बऱ्याच पेशंटना आराम पडतो असा आमचा अनुभव. शिवाय आपल्या सोलापूरला ही विद्या परकी नाही वाटत, कारण १९३८ मध्ये आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले त्याच पथकातल्या डॉ. बिजय बसूंनी पुढे १९५९ मध्ये ॲक्युपंक्चर भारतात आणलं. सुया प्रत्येकाला नव्या, पाकीट तुमच्यासमोर फोडतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील तर सुईआधी सांगा.

मान कटकन वाजवून द्या, असं म्हणणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि पहिल्या दिवशी आम्ही ते करत नाही म्हणून काही जण नाराज होतात. कायरोप्रॅक्टिकचं शिक्षण घेतलंय म्हणूनच नाही म्हणतो. मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांपैकी दोन मणक्यांच्या भोकांमधून जातात, आणि चक्करचं कारण कळायच्या आधी मानेला झटका देणं आम्हाला पटत नाही. एक्स-रेमध्ये सर्व्हायकल निघालं म्हणून चक्कर मानेचीच असंही नाही, पन्नाशीनंतर मानेची झीज बहुतेकांच्या एक्स-रेत दिसतेच. खरंच मानेमुळे अस्थिर वाटत असेल तर हलक्या हाताने सांधे मोकळे करणं, व्यायाम आणि उशीची उंची एवढ्यावर बरंच होतं. पहिल्या बैठकीला पाऊण तास लागतो तो यासाठीच, आणि टेस्टमध्ये काही निघालं नाही तरी फी लागते, कारण वेळ तेवढाच गेलेला असतो.

फोनवर नुसतं चक्कर येते सांगू नका. घर गरगर फिरतं, की उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, की भोवळ येऊन पडायला होतं, की चालताना तोल जातो, यातलं काय ते सांगा. अंधारी आणि भोवळ असेल तर आम्ही आधी बीपी, शुगर, हिमोग्लोबिन बघायला तुमच्या डॉक्टरांकडेच पाठवू. आणि चक्करबरोबर बोलताना जीभ जड होणं, तोंड वाकडं, एक हात-पाय लुळा, एकाचे दोन दिसणं, अचानक भयंकर डोकेदुखी, किंवा उभंच राहता न येणं यातलं काहीही असेल तर आमची अपॉइंटमेंट विसरा, १०८ ला फोन करा, तो लकवा असू शकतो आणि तिथे मिनिटं मोजायची असतात.

रिकाम्या पोटी येऊ नका. रक्ततपासणीसारखं उपाशी यायचं असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि मग सुई लावल्यावर घेरी येते ती बरेचदा उपाशीपोटाची. एकादशी असेल तर दुसरा दिवस घ्या. दोन तास आधी हलकं खाऊन या, पोटभर नको. गाडी स्वतः चालवत येऊ नका, जाताना तर मुळीच नाही, कोणालातरी बरोबर आणा. आम्ही पहिल्या मजल्यावर आहोत, लिफ्ट नाही, जिन्याची भीती वाटत असेल तर खालूनच फोन करा, आमच्यातलं कोणीतरी हात धरायला खाली येतं.