पुणे, हैदराबाद, दिल्ली : एका फुटबॉल क्लबचं बिऱ्हाड

ऑक्टोबर २०२५मध्ये हैदराबाद एफसी दिल्लीला गेला आणि त्याचं नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली झालं. नागपुरात ही बातमी बहुतेकांनी 'हैदराबादचा क्लब गेला' अशी वाचली. पण इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएलमधल्या या जागेची गोष्ट हैदराबादेत सुरू होत नाही, ती पुण्याच्या बालेवाडीत सुरू होते. महाराष्ट्रातल्या वाचकाने तरी ती तिथूनच धरायला हवी.

एफसी पुणे सिटी २०१४च्या पहिल्या हंगामापासून लीगमध्ये होता. त्याच्या चाहत्यांची फौज ऑरेंज आर्मी म्हणवायची. संत्र्याच्या गावात राहणाऱ्या आमच्यासारख्यांना तो रंग लगेच आपला वाटला. माझी केशरी जर्सी अजून कपाटात आहे, पाठीवरचा आकडा धुऊन धुऊन अर्धा निघालाय. २०१७-१८मध्ये संघ चौथा आला आणि उपांत्य फेरीत बेंगळुरूकडून हरला. पुढच्या हंगामात सातवा आला. तोवर पैशाची ओढाताण सुरू झाली होती. पुण्याला हे नवं नव्हतं. आय-लीग या देशातल्या दुसऱ्या मोठ्या लीगमधला पुणे एफसी २०१५मध्ये बंद पडला होता, भारत एफसी एकाच हंगामात आटोपला होता आणि पुणे एफसीची अकादमी पुणे सिटीने आपल्याकडे घेतली होती.

ऑगस्ट २०१९मध्ये जे झालं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण आजचा सगळा गोंधळ तिथला आहे. एकाच महिन्यात लीगमधल्या दोन जागा हलल्या. दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. पुण्याच्या जागी हैदराबाद एफसी आला. बातम्यांत दोन्हींसाठी सर्रास 'स्थलांतर' हाच शब्द वापरला गेला. पण दिल्लीच्या बाबतीत क्लब तोच राहिला, फक्त गाव आणि नाव बदललं. पुण्याच्या बाबतीत क्लब संपला, त्याची लीगमधली जागा नव्या मालकांनी घेतली आणि तिथे नवा क्लब उभा केला. एकाने बिऱ्हाड हलवलं, दुसऱ्याचं घर विकलं गेलं. दोन्हींना एकच शब्द लावला की पुण्याचं काय गेलं तेच दिसेनासं होतं.

यावर उलट बाजूही मांडली जाते, आणि ती पोकळ नाही. पुण्याचे बरेच खेळाडू हैदराबादला गेले. पुण्याचा प्रशिक्षकच हैदराबादचा पहिला प्रशिक्षक झाला. मग क्लब म्हणजे नेमकं काय? खेळाडू, प्रशिक्षक आणि लीगमधली जागा, एवढं सगळं उचलून नेलं तर नवं काय उरलं? माझं मत असं की उरला तो सगळ्यात मोठा भाग, म्हणजे इतिहास. हैदराबादने पुण्याचा एकही निकाल, एकही हंगाम आपल्या नावावर घेतला नाही. हैदराबादच्या दृष्टीने ते योग्यच होतं, त्या शहराला उसना भूतकाळ नको होता. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स कप ही मुंबईतली जुनी फुटबॉल स्पर्धा जिंकणारा पोलीस संघ त्याच शहरातला. पण त्यामुळे पुण्याचे पाच हंगाम बेवारस झाले.

हैदराबादच्या त्या पहिल्या हंगामातला एक सामना मी अजून विसरलेलो नाही. भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमचं काम चालू होतं, म्हणून ओडिशाने आपले सुरुवातीचे घरचे सामने बालेवाडीत खेळले. ११ डिसेंबर २०१९ला तिथेच ओडिशा विरुद्ध हैदराबाद हा सामना झाला. म्हणजे दिल्लीहून निघालेला क्लब यजमान, पुण्याच्या जागेवर आलेला क्लब पाहुणा आणि मैदान पुण्याचं. ओडिशाने ३-२ असा सामना जिंकला. मी नागपुरात सदरला मित्राच्या घरी टीव्हीवर पाहत होतो. पुण्याकडून खेळलेली माणसं पाहुण्यांच्या जर्सीत बालेवाडीत उतरली, तेव्हा खोलीत कुणी काही बोललं नाही.

जागा अशी विकली गेली, कारण तेव्हा ती खेळून जात नव्हती. आयएसएलमधून तळाचा संघ खाली जात नव्हता, त्यामुळे जागा टिकायची किंवा जायची ती मालकाच्या तिजोरीवर. इंग्लंडमध्ये विम्बल्डन क्लबला मिल्टन कीन्सला जायची परवानगी मे २००२मध्ये तिघांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मतांनी दिली, तेव्हा चाहत्यांनी त्याच वर्षी एएफसी विम्बल्डन हा नवा क्लब काढला आणि तळाच्या साखळीतून खेळत खेळत २०११मध्ये व्यावसायिक लीगमध्ये आणला. तिथे खालून वर जायचा रस्ता होता. २०१९च्या पुण्यात चाहत्यांनी क्लब काढला असता, तरी तेव्हा खेळून आयएसएलमध्ये पोचायचा रस्ताच नव्हता.

हैदराबादची वर्षं सगळ्यांना ठाऊक आहेत. पहिल्या हंगामात दहावा, म्हणजे शेवटचा. मग २० मार्च २०२२ला गोव्यात केरळा ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून विजेतेपद. त्यानंतर थकलेले पगार, खेळाडू घेण्यावर बंदी आणि २०२३-२४मध्ये अवघे आठ गुण. २०२४मध्ये मालक बदलले आणि पुढच्या वर्षी दिल्ली.

या वेळी मात्र क्लब तोच ठेवून नाव बदललं आहे, त्यामुळे २०२२चा चषकही दिल्लीला गेला. पुण्याचे हंगाम हैदराबादने घेतले नव्हते, तेव्हा ते दिल्लीकडे जायचा प्रश्नच नाही. दिल्लीचेही पाच हंगाम आधीच भुवनेश्वरकडे आहेत.

विदर्भातून पाहिलं तर पुणे आमच्यापासून सातशे किलोमीटरच्या वर आणि हैदराबाद पाचशेच्या आसपास. जागा हैदराबादला गेली तेव्हा अंतराने ती आम्हाला जवळ आली होती, आणि कामठीची काही पोरं रात्रीच्या गाडीने सामना बघायला जायचीही. तरी हैदराबादची पिवळी जर्सी त्यांनी घेतली नाही. त्यांच्यासाठी क्लब म्हणजे मोहल्ला. रब्बानी क्लब कामठीचा, तो उद्या दुसऱ्या गावाच्या नावाने खेळेल ही कल्पनाच त्यांना करता येत नाही. एफसी पुणे सिटीच्या नोंदी २०१८-१९ला थांबतात. त्यापुढे त्या रकान्यात कुठल्याही शहराने काही लिहिलेलं नाही.