आबाळ वेगळी, धाक वेगळा

पहिलीचा वर्ग. बाई फळ्यावर वजाबाकी लिहीत आहेत. मागच्या बाकावरून कुणाचा तरी स्टीलचा डबा खाली पडतो. एक मुलगा दचकतो, पण डब्याकडे बघत नाही. तो आधी बाईंचा चेहरा बघतो आणि बराच वेळ तिथेच बघत राहतो. दुसरा डब्याकडे बघतो, उठून तिकडे जातो, वाटेत खिडकीशी रेंगाळतो. ‘वही काढ, तारीख लिही, मग समास आख’ एवढं सांगितलं तर त्याच्याकडून वही निघते, पुढचं राहून जातं. प्रगतिपुस्तकात दोघांना शेरा एकच: लक्ष देत नाही.

अशी मुलं निव्वळ खोडकर असू शकतात, एखाद्याला एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार) असू शकतो, एखाद्याला नीट ऐकूच येत नसतं. पण लहानपण कठीण गेलेल्या मुलांमध्ये या दोन तऱ्हा वारंवार दिसतात आणि त्यांची मुळं वेगळी असतात. एकाच्या वाट्याला नको ते आलं: मार, आरडाओरडा, घरातली हाणामारी. तो धाक. दुसऱ्याला हवं ते मिळालंच नाही: बोलणारं, उत्तर देणारं, रोज तेच असणारं माणूस. ती आबाळ.

दोन्ही एकत्र मोजण्याचा घोळ जुना आहे. १९९८ साली फेलिटी आणि आंदा या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सॅन दिएगोत केलेला अभ्यास गाजला. बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांची संख्या वाढते तसे मोठेपणी नैराश्य, व्यसन, हृदयविकार वाढतात, हे त्यात स्पष्ट दिसलं. मोजणी उपयोगाचीच होती. मात्र तिच्या पुढे रूढ झालेल्या रूपात मार खाणं आणि दुर्लक्षित राहणं यांना सारखाच एक-एक गुण पडतो. लोकसंख्येचा अंदाज बांधायला ते चालतं, समोर बसलेल्या मुलाचं काय करायचं हे त्यातून कळत नाही. केट मॅकलॉकलिन आणि मार्गारेट शेरिडन या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ च्या सुमारास दोन्ही बाजू वेगळ्या करून मांडल्या, त्या मुख्यतः याच अडचणीमुळे.

आबाळ मेंदूला काय करते, याचा सर्वांत भक्कम पुरावा रुमानियातून येतो. तिथला हुकूमशहा चाउशेस्कूने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी आणली. १९८९ मध्ये त्याची सत्ता गेली तेव्हा लाखाहून अधिक मुलं सरकारी संस्थांत होती. अन्न मिळे, लंगोट बदलले जात, पण वेळापत्रकाने. बाळ रडलं तरी कुणी येत नसे, म्हणून पुढे ते रडायचंच थांबे. नेल्सन, फॉक्स आणि झीना या संशोधकांनी बुखारेस्टमधल्या सहा संस्थांतली ६ ते ३१ महिन्यांची १३६ मुलं घेतली. चिठ्ठ्या टाकल्यासारखी त्यांची विभागणी केली: ६८ संगोपन कुटुंबांत, ६८ आधीच्या व्यवस्थेत. साडेचार वर्षांच्या वयाला सरासरी बुद्ध्यांक संस्थेतल्या मुलांचा ७३, संगोपन कुटुंबातल्यांचा ८१ आणि जन्मापासून आपल्याच घरी वाढलेल्या मुलांचा १०९ निघाला.

त्याहून महत्त्वाचं होतं वय. १५ महिन्यांच्या आत घरात गेलेल्यांची भाषा बरोबरीच्या मुलांसारखी झाली, २४ महिन्यांनंतर गेलेली बरीच मागे राहिली. आठव्या वर्षी ईईजीमध्येही २४ महिन्यांच्या आत गेलेल्यांच्या मेंदूची विद्युतलय घरच्या मुलांच्या जवळ आली होती. एमआरआयमध्ये करडा भाग, म्हणजे मेंदूच्या पेशींचा भाग, दोन्ही गटांत कमी भरला. पांढरा भाग, म्हणजे जोडणाऱ्या तारांचं जाळं, संगोपन कुटुंबात गेलेल्यांत बराच सावरला होता.

कारण साधं आहे. बाळाचा मेंदू जोडण्या भरमसाट तयार करतो आणि वापरात न आलेल्या छाटून टाकतो. बाळ चमच्याकडे बोट दाखवतं, आई ‘चमचा हवा? हा घे चमचा’ म्हणते, बाळ ‘चम’ म्हणतं, आई हसते. अशा देवघेवी दिवसातून शेकडो होतात. त्या झाल्याच नाहीत तर छाटणी जास्त होते, आणि त्याचा फटका भाषा, स्मरण व स्वतःला आवरणं सांभाळणाऱ्या कवचाला, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराला, बसतो. तीन सूचनांपैकी पहिलीच डोक्यात राहणं हे त्याचंच बाहेरचं रूप.

धाकाचं काम उलट चालतं. इथे मेंदूला शिकायला मिळतं, फक्त धडा चुकीचा असतो. मानसशास्त्रज्ञ सेथ पोलॅक यांनी मुलांना धूसर चेहरे हळूहळू स्पष्ट करत दाखवले, तेव्हा मार खाल्लेल्या मुलांनी राग इतरांपेक्षा लवकर, कमी खुणांवरून ओळखला. उपेक्षित मुलांच्या बाबतीत त्यांना वेगळंच आढळलं होतं: त्यांना भावना एकमेकींपासून वेगळ्या काढणंच जड जात होतं. धाकात वाढलेल्यांमध्ये अमिग्डाला, म्हणजे मेंदूतलं धोका हेरणारं केंद्र, रागीट चेहऱ्याला जोरात प्रतिसाद देतो. तो प्रतिसाद शांत करणाऱ्या, कपाळामागच्या आतल्या भागाचं कवच पातळ आढळतं. या मुलांत वयात येणंही सरासरीने लवकर होतं, आबाळीत तसं ठळक दिसत नाही. म्हणजे डबा पडल्यावर बाईंचा चेहरा वाचणारा मुलगा अतिशय लक्ष देत असतो. फक्त वजाबाकीकडे नाही.

हे सगळे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. एका मुलाचा एमआरआय काढून ‘याला मार बसलाय’ असं कुणी सांगू शकत नाही, आणि तसं सांगणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

मग ओळखायचं कसं? बोलण्याला उशीर असेल तर सगळ्यांत आधी श्रवणचाचणी, मग हिमोग्लोबिन, कारण लोहाची कमतरताही लक्ष आणि शिकणं मंदावते. त्यानंतर पहिल्या तीन वर्षांची चौकशी. दिवसभर कुणाजवळ असायचा? सांभाळणारी माणसं किती बदलली? दोन शब्द जोडून कधी बोलला? (दोन वर्षांच्या आसपास अपेक्षित असतं.) इथे गरिबी म्हणजे आबाळ असं धरून चालू नये. बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीत आजी दिवसभर बडबडत असेल तर आबाळ नाही. उलट मोठ्या फ्लॅटमध्ये मोबाईल हातात देऊन तीन आया बदललेलं मूल आबाळीतलं असू शकतं.

‘किती गोड, कुणाकडेही जातं’ हे कौतुकही जरा तपासावं. अनोळखी माणसाचा हात धरून मागे वळून न बघता निघून जाणं ही घोर आबाळीची ठळक खूण आहे, आणि चांगलं घर मिळाल्यावरही ती बऱ्याचदा रेंगाळते.

धाकाबद्दल मुलाला पालकांसमोर विचारू नये. ‘घरी कुणी चिडलं की काय होतं?’ एवढा उघडा प्रश्न एकदाच विचारावा, उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावं, ‘बाबांनी मारलं ना?’ असं तोंडात घालू नये. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. एरवी मुलांसाठीची हेल्पलाइन, १०९८. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा क्रमांक आजही तोच आहे.

उपाय अदलाबदल केले की वाया जातात. धाकातल्या मुलाला फ्लॅशकार्ड आणि जादा शिकवणी दिली तर त्याला ती आणखी एक परीक्षा वाटते. त्याला आधी मार थांबायला हवा, मग आघातावर केंद्रित वर्तनोपचार. साधारण १२ ते १६ सत्रं लागतात, सांभाळणाऱ्या मोठ्या माणसासह. घरी मार चालू असताना आठवणी उकरल्या तर मूल बिघडतं, कारण त्याची भीती खरीच असते. आबाळीतल्या मुलाला ‘मनातलं मोकळेपणाने बोल’ म्हणणंही तितकंच निरर्थक, त्याच्याकडे तेवढे शब्दच नसतात. त्याला देवघेव लागते. जमैकात किंग्स्टनमध्ये ९ ते २४ महिन्यांच्या १२९ खुरटलेल्या मुलांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास जात आणि घरीच बनवलेल्या खेळण्यांनी आईला खेळायला शिकवत. हे दोन वर्षं चाललं. बाविसाव्या वर्षी त्या गटाची कमाई, कुणी घरी न गेलेल्या मुलांपेक्षा, सुमारे २५ टक्के जास्त होती. काहींना दिलेल्या नुसत्या पूरक दुधाचा फायदा तितका टिकला नाही.

वर्गात दोघांना चालणाऱ्या गोष्टी थोड्या: ठरलेला दिनक्रम, एका वेळी एक सूचना, आणि शिक्षा नाही (शारीरिक शिक्षेला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही मनाई आहेच). धाकातल्याला दार दिसेल अशा जागी बसवावं, पाठीमागून खांद्यावर हात ठेवू नये. आबाळीतल्याला बाईंजवळ बसवून सूचना त्याच्याकडून परत म्हणून घ्यावी.

पुष्कळ घरांत दोन्ही एकत्र असतात. तेव्हा आधी मार थांबवायचा, हा क्रम पक्का. मात्र मूल दोन-अडीच वर्षांच्या आतलं असेल तर समुपदेशनाच्या तारखेची वाट न बघता बोलण्या-खेळण्याचं काम त्याच आठवड्यात सुरू करायचं, मग ते आजीकडे असो, अंगणवाडीत असो की जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात.