खोलीची ऑर्डर देण्याआधी संडासाची जागा ठरवा

पोर्टाकॅबिन (कारखान्यात बनवून जागेवर नेऊन ठेवायची पत्र्याची खोली) घ्यायला येणारे ग्राहक आधी भाव विचारतात, मग कधी मिळेल ते विचारतात. संडास कुठे, बेसिन कुठे, एसी कोणत्या भिंतीला, ही चर्चा अगदी शेवटी, चहा संपता संपता होते. आमची विनंती आहे, ती सुरुवातीला करू या.

विटांच्या घरात मिस्त्री छिन्नी घेऊन कधीही खाच मारतो, पाईप बसवतो आणि सिमेंट फासतो. आमची भिंत म्हणजे दोन पत्र्यांमध्ये 50 मिलिमीटर पफ, म्हणजे उष्णता अडवणारा फोम. वायरचे कॉन्ड्युट (नळ्या) आणि पाण्याचे पाईप पॅनल बसवतानाच आत जातात. नंतर कापले तर पत्रा फाटतो, फोम उघडा पडतो आणि तिथून उन्हाळा आत येतो. खाली लोखंडी फ्रेम असते. सांडपाण्याचा पाईप नेमका फ्रेमच्या चॅनलवर (लोखंडी तुळईवर) आला, तर आम्ही चॅनल कापत नाही. भार त्यावरच असतो.

एकदा तीन खोल्यांच्या दवाखान्यात फ्रेम वेल्ड झाल्यावर बेसिन दुसऱ्या टोकाला हवे असे ठरले. आम्ही 'करू' म्हणालो, ही आमचीच चूक. 110 मिलिमीटरच्या पाइपाला मीटरमागे साधारण 1 सेंटिमीटर उतार लागतो, लहान पाइपाला दुप्पट. सहा मीटरवर एवढा उतार फ्रेमच्या आत मिळेना, म्हणून तेवढी फरशी एक पायरी उचलावी लागली. आजही लोक तिथे अडखळतात. तेव्हापासून आम्ही दोन खोल्यांचे संडास पाठीला पाठ लावून, मध्ये पाइपांसाठी एकच शाफ्ट (उभी पोकळी) ठेवून देतो. पाईप कमी लागतो आणि तुंबला तर झाकण उघडून हात घालता येतो.

सांधे आणि काळी माती

खोली स्वतः सहसा दगा देत नाही. बिघाड होतो तो दोन खोल्यांच्या सांध्यात, नाहीतर खोली आणि जमीन यांच्या सांध्यात. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. चौथरा तिच्यावरच उभा केला, तर खोल्या थोड्या हलतात आणि घट्ट बसवलेला पाईप तुटतो. त्यामुळे मुरूम लागेपर्यंत खोदा, निदान चौथऱ्याखालची काळी माती काढून मुरूम भरा. सांध्यावर आम्ही लवचीक जोड देतो, सांडपाण्याच्या चेंबरला जाताना रबर रिंगचा.

उष्णतेनेही पाईप वाढतो. सीपीव्हीसीचा (एक प्रकारच्या प्लास्टिकचा) 10 मीटर पाईप तापमान 30 अंशांनी वाढल्यावर जवळजवळ 2 सेंटिमीटर लांब होतो. मे महिन्यात पत्र्याखाली काय होत असेल ते सांगायला नको. म्हणून थंड पाण्याची लाईन छताच्या पोकळीतून नेत नाही. नेली तर दुपारी नळाला चहाचे पाणी येते!

पाणी

2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे कोणी विसरलेले नाही. आम्ही फ्लशची लाईन वेगळी टाकतो, म्हणजे तिला बोअरचे किंवा वापरलेले पाणी जोडता येते. बोअरच्या क्षाराने गीझरची कॉइल लवकर जाते, ते पाणी तिकडे नको. टाकी छतावर ठेवायची असेल तर आधी सांगा. 1000 लिटर पाणी म्हणजे एक टन, आणि आमचे छत त्यासाठी नाही. वेगळे स्टँड करावे लागते.

वीज

पूर्ण घर लोखंडाचे आहे, हे विसरू नका. प्रत्येक खोलीला स्वतंत्र डीबी (वीज वाटणारी पेटी) आणि 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) देतो, सर्व फ्रेम पट्टीने एकमेकींना जोडून अर्थिंगला नेतो. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंग कमकुवत होते, खड्ड्यात अधूनमधून पाणी ओता. वाळूजच्या कारखान्यातून किनवटपर्यंतच्या प्रवासातल्या धक्क्यांनी स्क्रू सैल होतात, म्हणून जागेवर आल्यावर सर्व टर्मिनल पुन्हा आवळतो. ते झाल्याशिवाय मेन चालू करू नका, गावचा वायरमन ओळखीचा असला तरी. एसीच्या बाहेरच्या युनिटसाठी भिंतीच्या आत लोखंडी पट्टी आधीच बसवावी लागते. नुसत्या पत्र्यावर ते टिकत नाही.

खोली निघण्यापूर्वी पाइपात दाबाने पाणी भरून आणि वायरिंगला मेगर (इन्सुलेशन तपासणारे यंत्र) लावून तपासतो. त्या दिवशी जरूर या. मीटर आणि चेंबरपुढची लाईन तुमच्याकडे असते, महावितरणचा अर्ज लवकर टाका.

येताना जागेचा नकाशा आणा. वहीच्या पानावर हाताने काढलेला चालेल, पण उत्तर दिशा आणि रस्ता त्यावर हवा.