सिंचन आणि निचरा क्षेत्रातले सन्मान

शेताला पाणी देणं म्हणजे सिंचन आणि शेतात साचलेलं जास्तीचं पाणी काढून लावणं म्हणजे निचरा. या दोन कामांत आयुष्य घालवणाऱ्या इंजिनियर, संशोधक, कालव्यावरचे अधिकारी, कंत्राटदार आणि क्वचित शेतकरी यांचा जाहीर गौरव करायच्या ज्या रीती आहेत त्या या नोंदीत घेतल्यात. पदक, पुरस्कार, स्मृतिव्याख्यान, पुतळा, आणि एखाद्या सूत्राला किंवा साधनाला माणसाचं नाव देणं असे त्याचे ढोबळ प्रकार. शेवटचा प्रकार बरेच जण सन्मानात मोजतच नाहीत, पण टिकायच्या बाबतीत तोच सगळ्यात पक्का निघतो.

ही प्रथा किती जुनी यावर एकमत नाही. बहुतेक लोक चीनमधल्या दूज्यांगयेन इथल्या ली बिंगपासून सुरुवात करतात. मिन नदीचं पाणी धरण न बांधता दोन प्रवाहांत विभागून छेंगदूच्या मैदानावर नेणारी ही योजना, काळ साधारण इ.स.पू. तिसऱ्या शतकाचा मध्य (इ.स.पू. 256 हे साल सगळीकडे छापतात, ते अंदाजे धरलेलं बरं). गंमत अशी की सिमा छ्येन या प्राचीन चिनी इतिहासकाराच्या ग्रंथात नुसतं 'शूचा सुभेदार बिंग' (शू म्हणजे छेंगदूच्या आसपासचा प्रांत) एवढंच आहे, 'ली' हे आडनाव नंतरच्या ग्रंथात येतं, आणि त्याचा मुलगा म्हणून पूजला जाणारा अर्लांग तर आणखी उशिराच्या दंतकथेतला दिसतो. काही अभ्यासक म्हणतात की डोंगर फोडून पाणी काढायचं काम आधीच्या स्थानिक राजवटीतच सुरू झालं होतं आणि ली बिंगने ते वाढवून पुरं केलं, हे मत जास्त पटण्यासारखं आहे कारण एवढं काम एका माणसाच्या कारकिर्दीत उभं राहणं अवघडच.

खरा वाद मात्र पुतळ्याचा आहे. 1974 मध्ये नदीच्या पात्रात काम चालू असताना जवळपास 3 मीटर उंचीची दगडी मूर्ती सापडली, तिच्यावरच्या लेखात ली बिंगचं नाव आणि इ.स. 168 शी जुळणारं वर्ष आहे. म्हणजे सिंचनवाल्या माणसाचा हा जगातला फार जुना पुतळा झाला, असं लगेच म्हटलं गेलं. पण त्याच लेखात असंही कोरलंय की पाणीखात्याच्या अधिकाऱ्यांनी तीन दैवी दगडी पुरुष केले ते पाण्यावर कायमचा पहारा राहावा म्हणून. आणि जुनी परंपरा सांगते की ली बिंगने स्वतःच पाण्यात तीन दगडी माणसं उभी केली होती, पाणी कमी झालं तरी पायाखाली जाऊ नये आणि वाढलं तरी खांद्यावर चढू नये अशा हिशोबाने. मग 168 ची मूर्ती ही स्मारक की पाण्याची पातळी मोजायची खूण? 1975 मध्ये तिथेच फावडं धरलेली एक मूर्ती मिळाली, तिच्यावर कोणाचंच नाव नाही. मूर्ती तीन सांगितल्यात आणि नाव एकट्या ली बिंगचं कोरलंय, त्यामुळे स्मारक आणि पहारा हे दोन्ही हेतू एकत्र असावेत, आजच्यासारखी फारकत त्या काळी नसणार.

त्यानंतरच्या मोठ्या कालखंडाबद्दल थोडक्यातच. मध्ये राजांनी तलाव-कालवे बांधले आणि नाव राजाचंच लागलं, आखणी करणारा मागे राहिला. राजाऐवजी इंजिनियरचं नाव पुढे येतं ते 19व्या शतकात. गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा (1847 ते 1852) बांधणाऱ्या आर्थर कॉटनला 1861 मध्ये सरकारकडून 'सर' मिळालं, पण तिथल्या शेतकऱ्यांनी त्याचे पुतळे उभारले आणि फोटो पूजले, तो मान सरकारी किताबापेक्षा वेगळ्याच जातीचा. तेव्हा जपानच्या ताब्यात असलेल्या तैवानमध्ये वूशानथौ जलाशय आणि छ्यानान कालवे करणाऱ्या हात्ता योइची या जपानी इंजिनियरचा पुतळा 1931 चा, कामाच्या कपड्यात जमिनीवर बसलेला, डोक्याला हात लावून विचारात पडलेला. युद्धात धातू गोळा करायला लागले तेव्हा तो लपवला गेला आणि 1981 ला परत बसवला. एप्रिल 2017 मध्ये कोणीतरी त्याचं मुंडकं उडवलं, तरी 8 मे च्या त्याच्या स्मृतिदिनाआधी ते दुरुस्त झालं. पुतळ्याचं हे असंच, राजकारण फिरलं की तोही सापडतो त्यात.

रीतसर पुरस्कार आले ते व्यावसायिक संस्था आल्यावर. आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोग, म्हणजे आयसीआयडी, 24 जून 1950 ला स्थापन झाला, मुख्यालय नवी दिल्ली. सुरुवातीच्या नावात 'सिंचन आणि कालवे' होतं, 'निचरा' हा शब्द थोड्याच दिवसांनी आला. आयोगाचे पहिले सरचिटणीस एन. डी. गुलाटी, सिंधू पाणीवाटपाच्या वाटाघाटीतले भारताचे प्रमुख प्रतिनिधी, त्यांच्या नावाने स्मृतिव्याख्यान चालतं. पाणी वाचवणाऱ्यांसाठीचे आयोगाचे वॉटसेव्ह पुरस्कार 1997-98 च्या सुमारास सुरू झाले, त्यात तंत्रज्ञान, नावीन्यपूर्ण व्यवस्थापन, तरुण व्यावसायिक आणि शेतकरी असे गट आहेत. याची अट महत्त्वाची: पाणी प्रत्यक्ष वाचलेलं पाहिजे, नुसती चांगली कल्पना किंवा आशादायक प्रयोग चालत नाही. 2014 पासून आयोग जुन्या सिंचन बांधकामांनाही वारसा म्हणून मान देतो, पण तो मान बांधकामाला आहे, माणसाला नाही, म्हणून इथे फक्त उल्लेख. अमेरिकन सिव्हिल इंजिनियर संस्थेचा रॉइस टिप्टन पुरस्कार 1960 च्या दशकातला, अध्यापन, संशोधन, आखणी, बांधकाम, व्यवस्थापन यापैकी कशातलंही ठोस योगदान धरतो. पेपर लिहिलेच पाहिजेत असं नाही, काम दिसलं तरी पुरे, त्यामुळे साइटवर उन्हातान्हात उभा राहणारा माणूसही यात बसतो. बाहेरच्या मोठ्या बक्षिसांपैकी 2012 चं जागतिक अन्न पारितोषिक डॅनियल हिलेल यांना कोरडवाहू भागातल्या सूक्ष्म सिंचनासाठी मिळालं.

आता निचरा. हा भाग कायम उपाशी राहिलाय. कालव्याचं पाणी आलं की गावभर हार-तुरे, आणि दहा-वीस वर्षांनी तीच जमीन चिबड किंवा क्षारपड झाली की जमिनीखाली पाइप टाकून तिला परत वापशावर आणणारा माणूस कोणाच्या लक्षातही येत नाही, त्याचं काम मुळात जमिनीत गाडलेलंच असतं. तरी काही ठिकाणं आहेत. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत निचऱ्यातल्या मानकऱ्यांची खास यादी ठेवतात. अमेरिकन कृषी अभियंत्यांच्या संस्थेचा मृद-जल पुरस्कार 'हॅनकॉर' या नावाने ओळखला जातो, ही कंपनी आधी मातीच्या निचरा-नळ्या करायची आणि मग नालीदार प्लास्टिक पाइपकडे वळली. सगळ्यात मोठा मान म्हणजे 1983/84 चं कृषीतलं वुल्फ पारितोषिक, ते डॉन किर्कहॅम यांना सी. टी. डी विट यांच्याबरोबर विभागून मिळालं. पाणी निचऱ्याच्या पाइपकडे जमिनीतून कसं वाहतं याचं गणित किर्कहॅम यांनी मांडलं होतं.

नाव लागण्याबद्दल शेवटी. निचऱ्याच्या दोन पाइपमधलं अंतर काढायचं हूखाउटचं सूत्र 1940 चं, तुषार सिंचन किती एकसारखं पडतं ते सांगणारा ख्रिस्तियान्सनचा गुणांक 1942 चा. ही नावं वापरता वापरता आपोआप लागली. पार्शल फ्लूम, म्हणजे चारीतलं पाणी मोजायचं साधन, त्याचं मात्र तसं नाही. राल्फ पार्शल स्वतः त्याला 'सुधारित व्हेंचुरी फ्लूम' म्हणायचे, पेटंटही 1922 मध्ये मिळालं, आणि 1929-30 च्या सुमारास अमेरिकन सिव्हिल इंजिनियर संस्थेच्या सिंचन समितीने रीतसर ठरवून त्याला पार्शलचं नाव दिलं. आज चारीवर पाणी मोजणारा माणूस तेच नाव घेतो, पार्शल कोण होते हे ठाऊक नसलं तरी.