जुन्या ब्रिटिश मालिकांचे भाग कुठे गेले?

चाळीस-पन्नासच्या दशकांतले ब्रिटिश चित्रपट आणि त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांतल्या तिथल्या दूरचित्रवाणी मालिका सध्या एकापाठोपाठ पाहत असताना एक उलटा प्रकार सतत जाणवतो. वयाने मोठे असलेले चित्रपट डोळ्यांना ताजे दिसतात आणि मागाहून आलेल्या मालिका मात्र त्यांच्याहून म्हाताऱ्या वाटतात. ॲलेक गिनेसने एकाच उमराव घराण्यातली अनेक माणसे रंगवलेला १९४९ चा ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ आजही लख्ख आहे. त्याच्याहून चौदा वर्षांनी सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानकथा-मालिकेचे नव्वदहून अधिक भाग मात्र उपलब्धच नाहीत आणि जे आहेत त्यांतले बरेच एके काळी धूसर प्रतींवरूनच पाहावे लागत.

चित्रपट ही निर्मात्याची मालमत्ता होती, हे यामागचे पहिले कारण. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह जपली तर दहा वर्षांनीही नव्या प्रती काढून चित्रपट पुन्हा लावता येई. मायकल बाल्कन यांच्या इलिंग स्टुडिओचे विनोदी चित्रपट असेच पुन्हा पुन्हा दाखवले गेले. शिवाय ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९३५ मध्येच राष्ट्रीय चित्रपट-संग्रह सुरू केला होता.

दूरचित्रवाणीचा जन्म वेगळ्या कल्पनेतून झाला. २ नोव्हेंबर १९३६ रोजी अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीने नियमित प्रक्षेपण सुरू केले, तेव्हा तिच्यासमोर नमुना होता तो रंगभूमीचा. नाटक थेट सादर व्हायचे आणि पुनःप्रक्षेपण म्हणजे त्याच नटसंचाने त्याच आठवड्यात पुन्हा स्टुडिओत येऊन केलेला दुसरा प्रयोग. ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’चे नायजेल नील यांनी केलेले रूपांतर १२ डिसेंबर १९५४ च्या रविवारी असेच सादर झाले आणि त्याने मोठी खळबळ उडवली. आज पीटर कुशिंगचा जो अभिनय आपण पाहतो तो त्या रात्रीचा नव्हे, तर पुढच्या गुरुवारच्या दुसऱ्या प्रयोगातला आहे, कारण चित्रित करून ठेवला गेला तो दुसरा प्रयोग. हे चित्रण म्हणजे दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून घेतलेली नोंद होती. नील यांच्याच १९५३ च्या ‘क्वाटरमास एक्सपेरिमेंट’च्या सहा भागांपैकी पहिले दोनच अशा रीतीने टिपले गेले, म्हणून ती कथा आज एक तृतीयांशच पाहायला मिळते.

१९५८ च्या सुमारास चुंबकीय चित्रफीत आली. त्यामुळे जतन करणे सोपे व्हायला हवे होते, पण घडले उलटेच. दोन इंच रुंदीची ती फीत महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती. त्यातच नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे एखादा कार्यक्रम किती वेळा आणि किती काळात पुन्हा दाखवायचा यावर मर्यादा होती. ती मुदत टळली की फितीचा उपयोग संपला, असे कारकुनी हिशेबाने ठरत असे. पुढे १९६७ मध्ये बीबीसी-२ वर आणि १९६९ मध्ये बीबीसी-१ व आयटीव्ही या खासगी वाहिनीवर रंग आले, तेव्हा कृष्णधवल कार्यक्रमांना कोणी गिऱ्हाईक उरणार नाही असे मानले गेले. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. सगळे जपून ठेवणे हे कोणाच्या कामाच्या यादीतच नव्हते, इतकेच. बॉब डिलनने अभिनय केलेले आणि जानेवारी १९६३ मध्ये प्रक्षेपित झालेले एक नाटकही १९६८ मध्ये याच रीतीने नष्ट झाले.

जे वाचले त्यातले पुष्कळ विक्रीमुळे वाचले. परदेशी वाहिन्यांना विकण्यासाठी बीबीसी फितींवरून १६ मिलिमीटरच्या कृष्णधवल फिल्मवर प्रती काढून घेई. ग्राहक देशाने दाखवून झाल्यावर ती प्रत परत करावी, नष्ट करावी किंवा पुढच्या ग्राहकाकडे धाडावी असा रिवाज होता. या रिवाजात जिथे ढिलाई झाली तिथेच ठेवा उरला. ‘डॉक्टर हू’चे नऊ हरवलेले भाग नायजेरियातल्या जॉस शहरातल्या केंद्रात सापडल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले, ते यामुळेच.

अमेरिकेच्या बाजारावर डोळा ठेवणाऱ्या लू ग्रेड यांच्यासारख्या निर्मात्यांनी मात्र फितीचा नाद सोडून आपल्या साहसमालिका थेट ३५ मिलिमीटरवर चित्रित केल्या. १९६७ ची ‘द प्रिझनर’ म्हणूनच आज कालपरवाची वाटते. ‘द ॲव्हेंजर्स’मध्ये तर हा फरक एकाच मालिकेत दिसतो: १९६१ चे पहिले पर्व बहुतांश नष्ट झाले आहे आणि १९६५ पासूनचे, फिल्मवरचे भाग शाबूत आहेत. साठच्या दशकातली ब्रिटिश दूरचित्रवाणी म्हटले की हेर, छत्र्या आणि भडक रंग आठवतात, त्यामागे अशी ही निवड आहे. त्या वेळी घराघरांत पाहिली गेलेली साधी, स्टुडिओत रंगलेली एकांकी नाटके आपल्यापर्यंत फारच कमी पोचली, आणि माझ्या मते त्या दूरचित्रवाणीचा खरा कस त्यांतच होता.

सत्तरच्या दशकातल्या विनोदी मालिकांत खोलीतून अंगणात येताच चित्राचा पोत का बदलतो, याचे उत्तरही याच इतिहासात आहे. ‘फॉल्टी टॉवर्स’मध्ये हॉटेलच्या आतले प्रसंग इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यांनी सेकंदाला पन्नास अर्धचित्रे (चित्रातल्या एकाआड एक ओळी) घेत फितीवर टिपले आहेत, तर बाहेरचे प्रसंग सेकंदाला पंचवीस चित्रे घेणाऱ्या फिल्मवर. बीबीसीचा फिल्म विभाग चाले तो १९५५ मध्ये विकत घेतलेल्या इलिंगच्याच स्टुडिओतून.

१९७८ च्या सुमारास बीबीसीने सरसकट पुसणे थांबवून रीतसर संग्रहाचे धोरण आखले. ‘डॅड्स आर्मी’ या विनोदी मालिकेच्या दुसऱ्या पर्वातले दोन भाग २००१ मध्ये परत मिळाले, तीन अजून बेपत्ता आहेत. याच मालिकेचा १९६९ मधला, मूळचा रंगीत पण केवळ कृष्णधवल फिल्मवर उरलेला एक भाग २००८ मध्ये पुन्हा रंगीत दाखवता आला. रंगीत पडद्याचे चित्रण घेताना रंगांचा संकेत बारीक ठिपक्यांच्या रूपाने त्या फिल्मवर उमटून राहिला होता आणि ते ठिपके संगणकाने वाचून मूळ रंग परत मिळवले गेले.